सासूने पाठवलेला बाण

हत्तींनी आमच्या टाकीखालचा पाइप उखडला तेव्हा रुंडूहून मुकोया आला. तो कावांगो नदीकाठचा माणूस. पंप दुरुस्त करणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी तो आमच्या मुलखात आधीही हिंडलेला. त्यामुळे आमची भाषा त्याला बऱ्यापैकी यायची, फक्त बोलताना जिभेने टिचक्या वाजवायच्या असतात त्या त्याला जमत नसत. तो साधं काहीतरी मागायला जायचा आणि तोंडातून भलताच शब्द निघायचा. मग बाऊ, आमची शेजारीण, पोट धरून हसायची आणि त्याला तोच शब्द पुन्हा म्हणायला लावायची.

उखडलेला पाइप त्याने पहिल्याच दिवशी सरळ केला. पण पंपाच्या आतला एक भाग फुटला होता, तो त्सुमक्वेहून येणाऱ्या गाडीतून यायचा होता, आणि गाडीचा काही भरवसा नव्हता. तोवर आम्ही बायका जुन्या विहिरीवरून पाणी आणत होतो आणि मुकोया आमच्यातच राहिला होता.

आता माणूस गावात राहायचा म्हणजे त्याला हाक कशी मारायची हा प्रश्न आला. मुकोया हे नाव आमच्यात कुणाचंच नाही. ज्याच्या नावाचा इथे दुसरा कुणी नाही, तो कुणाचा कोण हे कसं ठरवणार? माझा नवरा दाबे म्हणाला, "माझं नाव घे. मला ते रोज लागत नाही."

झालं, तो दाबे झाला. नाव दिलं की नाती त्याच्या मागोमाग येतात. माझ्या दिराचा, खाओचा, तो मोठा भाऊ झाला. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बरं झालं बाई, आता मला दोन नवरे. एक मांस आणेल, दुसरा पाणी."

मुकोयाने मान खाली घातली आणि हातातला पाना उगाच पुसत बसला.

पण माझी आई, खुआना, हसली नाही. ती उठली, आपलं बसायचं कातडं उचललं आणि शेकोटीच्या पलीकडे जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. काही सांगायचं असलं तर मला सांगायची, आणि त्याचा उल्लेख 'ते' असा करायची. दोन दिवस मुकोयाने हे सहन केलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "चुको, मी म्हातारीचं काय बिघडवलं?"

"काही नाही. तू तिचा जावई झालास."

"म्हणून ती बोलत नाही?"

"जावयाशी कोण बोलतं? तूही तिच्या तोंडाकडे बघत जाऊ नकोस. आणि 'म्हातारी' म्हणू नकोस."

तो हसला. आमचा हा एक खेळ आहे असं त्याला वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

थंडीचे दिवस होते. पहाटे गवतावर पांढरं पडायचं. एका सकाळी आई शेकोटीपाशी कुडकुडत बसली होती. मुकोयाने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि माझ्या हातात दिली. "त्यांना दे," तो म्हणाला. निदान एवढं तो शिकला होता. आईने टोपी उलटीसुलटी करून पाहिली, कानांवर ओढून घेतली आणि पुन्हा विस्तवाकडे बघत बसली. मेहेरबानी वगैरे आम्ही म्हणत नाही.

मग काही दिवसांनी तिने आपल्या पिशवीतून एक बाण काढला. माझ्या मामाने बनवलेला, बारीक लोखंडी पातं, मागे वेताची काडी, आणि पात्याच्या मागच्या दांडीवर अळ्यांचं विष चोपडलेलं. ती म्हणाली, "हा त्यांना दे."

मी तो मुकोयाकडे नेला. "तुझ्या सासूने पाठवलाय. पातं आणि दांडी हाताळू नकोस, मरशील."

त्याने बाण काडीकडून धरला, लांब, जसा कुणी साप धरतो. "मी ह्याचं काय करू? मला उभ्या बैलाला दगड मारता येत नाही."

दाबे तिथेच धनुष्याला चरबी चोळत होता. तो म्हणाला, "मला दे. मी मारतो. लागला तर मांस तुझं."

"मारणार तू आणि मांस माझं?"

"बाण तुझा ना?"

मुकोया पुन्हा हसला आणि बाण देऊन टाकला. माझ्या नवऱ्याच्या भात्यात असे कुणाकुणाचे बाण असतात. एक बाऊचाही होता.

गाडी आली नाही. मुकोयाकडे काम उरलं नव्हतं आणि बिनकामाचं बसणं त्याला माहीत नव्हतं. त्याने सगळे पाने घासले, मग सगळ्यांच्या सुऱ्या घासल्या, मग टाकीभोवती फिरून ती कशी उंच करता येईल ते मोजायला लागला. खाओ दाबेला म्हणाला, "ह्याला शिकारीला घेऊन जाऊ या. नाहीतर हा टाकी खोलून मांडून ठेवेल."

त्याचे बूट मात्र चालण्यासारखे नव्हते. पाऊल टाकलं की करकर वाजायचे. खाओने आपल्या कातडी वहाणा काढून त्याला दिल्या आणि स्वतः अनवाणी निघाला. तिघं सकाळी गेले.

त्या दिवसाचं मी ऐकलेलं सांगते. ते कोरड्या तळ्याच्या कडेने गेले. तिथे त्यांना एलंडचा ताजा माग लागला. एलंड म्हणजे हरणांतलं सगळ्यात मोठं, बैलाएवढं, गळ्याखाली बैलासारखंच लोंबतं कातडं, आणि त्याच्या अंगावर जेवढी चरबी असते तेवढी कुणाच्याच नसते. कळप झुडपांत चरत होता. खाओने मुकोयाला एका झुडपामागे पालथं झोपवलं आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. त्या जागी मुंग्या होत्या. त्याने त्यांना चावू दिलं, पण हलला नाही. खाओ अजूनही हे सांगतो आणि त्यात त्याला मोठ्या भावाचा अभिमान वाटतो, जरी तो बोलून दाखवत नाही.

दाबे कोपरांवर सरपटत गेला, इतका हळू की मुकोयाला वाटलं हा झोपला. मग धनुष्याचा बारीक आवाज आला, कळप उधळला, आणि बाणाची काडी वाळूत पडलेली दिसली.

"चुकला," मुकोया म्हणाला.

खाओने काडी उचलून पिशवीत टाकली. पातं तिला नव्हतं, पण ते मुकोयाच्या लक्षात आलं नाही. दोघा भावांनी वाकून माग पाहिला, थोडं अंतर चालले, आणि सरळ घरचा रस्ता धरला. मुकोया चिडला होता. एवढं मोठं जनावर समोर होतं, हे दोघं त्याच्यामागे धावलेसुद्धा नाहीत.

संध्याकाळी ते आले तेव्हा मी इथे होते. दाबे कुणाकडे न बघता शेकोटीपासून दूर जाऊन बसला. मी खायला दिलं ते त्याने बाजूला ठेवलं. बाऊने इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलं, "काही दिसलं का?"

"छे," दाबे म्हणाला. "काहीच नाही. एक लहानसं काहीतरी होतं. असेल, नसेल."

बाऊने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आईने टोपी जरा मागे सारली. शिकारी 'लहानसं' म्हणतो तेव्हा ते मोठं असतं, आणि आम्हा तिघींच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

मुकोयाला मात्र राहवेना. "लहानसं? अरे, केवढा एलंड..."

खाओने त्याच्या तोंडावर हातच ठेवला. "नाव घेऊ नकोस."

"का?"

"नको घेऊस, दादा. बस."

तो बसला. पण त्याचा राग कुठेतरी निघायला हवा होता. थोड्या वेळाने त्याने हातोडा घेतला आणि उरलेल्या पाइपचा एक वाकडा तुकडा दगडावर ठेवून ठोकायला लागला. बाऊ उठली आणि तिने त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला.

"आज ठोकाठोकी नको. तू असा धडपडलास तर तोही उठून पळेल."

"तो कोण?"

"ज्याच्या अंगात तुझा बाण आहे तो."

मुकोयाने तिच्याकडे पाहिलं, मग अंधारात बसलेल्या दाबेकडे. "लागलाय?"

कुणी हो म्हटलं नाही. पण त्याला कळलं. मारणारा आणि बाणाचा धनी, दोघांनी त्या वेळी शांत राहायचं असतं. ते शांत राहिले तर जनावर शांत होतं आणि विष आपलं काम करतं. मी त्याला हळू आवाजात एवढं सांगितलं. त्याने दोन्ही हात काखेत घातले आणि बसून राहिला. बिचाऱ्याने मुंग्या चावलेलं अंगही खाजवलं नाही. मला वाटतं, त्याने आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम ते असेल.

दुसऱ्या दिवशी मांस वाहायला माणसं हवी होती म्हणून बाऊ आणि मीही गेलो. माग तळ्यापासून सुरू झाला. आधी सगळा कळप एकत्र होता. मग एक जनावर बाजूला झालं. त्याच्या मागच्या पायाचं टोक वाळूत ओढल्यासारखं उमटत होतं. मुकोया माझ्या शेजारून चालत होता आणि मला दिसतंय ते त्याला दाखवायला लावत होता.

"हे बघ, इथे बसला."

"मला नुसती वाळू दिसते."

"गवत कुठे दबलंय?"

तो गुडघ्यावर बसला. बराच वेळ बघत राहिला. "इथे," तो म्हणाला, आणि बोट ठेवलं ती जागा खरी होती. पुढून खाओ ओरडला, "वहिनी, तुझ्या धाकट्या नवऱ्याला माग दिसायला लागला. आता आमचं काय होणार?"

"त्याला शिकायला जमलं, तुझ्या बायकोला विचार तुला काय जमलं."

असं बोलत बोलत आम्ही दुपारपर्यंत चाललो. मग दाबेने हात वर केला आणि आमचं बोलणं थांबलं.

एलंड एका बाभळीच्या झाडाखाली उभा होता. मान खाली गेलेली, पाय फाकलेले. आम्हाला त्याने पाहिलं, पण हलला नाही. खाओ भाला घेऊन पुढे गेला. ते झटकन झालं. मग थोडा वेळ फक्त माश्यांचा आवाज होता. मुकोया जवळ गेला, त्याच्या कपाळावरच्या दाट केसांवर त्याने तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला. आम्ही त्याला उभं राहू दिलं.

पहिल्यांदा खाओ बोलला. त्याने एलंडच्या बरगड्यांवर पाय ठेवला आणि म्हणाला, "हे? ह्या हाडांच्या मोळीसाठी मी अनवाणी आलो?"

"मी घरीच बसायला हवं होतं," बाऊ म्हणाली. "घरी निदान कंदमुळं तरी आहेत. हे मढं कोण वाहून नेणार?"

मुकोया बावचळला. "अगं, पण केवढी चरबी आहे, बघ तरी."

"गप्प बस. लाज वाटायला हवी तुला, असलं काहीतरी दाखवायला आम्हाला एवढ्या लांब आणलंस."

तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला, की चांगल्या शिकारीला आम्ही नावंच ठेवतो. त्याने कमरेवर हात ठेवले, मान हलवली आणि म्हणाला, "खरंय. सासूच्या बाणाने ह्यापेक्षा मोठं काय मिळणार?"

आम्ही सगळे गार पडलो. सासूवर कुणी विनोद करत नाही. बाऊने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण तिचे खांदे हलायला लागले, आणि मग दाबेसुद्धा, जो शिकारीत कधी हसत नाही, तोंड फिरवून हसला.

"हे घरी बोलू नकोस," मी म्हटलं. "एवढं माझ्यासाठी कर."

बाणाभोवतीचं विषारी मांस आम्ही कापून टाकलं, तिथेच काळीज भाजून खाल्लं, मांस काठ्यांवर लादलं आणि दिवस मावळायच्या आधी गावात पोचलो. पोरं वाटेवर धावत आली. मांस माझ्या झोपडीमागे झाडावर टांगलं आणि सगळी माणसं, घाई नसल्यासारखी, एकेक करत आसपास येऊन बसली. वाटणी सकाळी होणार होती, आणि ती मुकोयाने करायची होती. हे त्याला सांगितलं तेव्हा तो एकदम गंभीर झाला.

"खरंच माझं आहे?"

"बाण तुझा," दाबे म्हणाला.

"आणि मी कुणाला किती द्यायचं?"

"तुला माहीत. तुझं मांस."

दाबेने त्याला ह्यापुढे काही सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. कुणाच्या मांसाबद्दल बोलणं बरं दिसत नाही. मी तेव्हा बोलायला हवं होतं की नाही, ह्यावर आम्ही नवराबायको नंतर खूपदा भांडलो.

सकाळी उठून आम्ही पाहिलं तर त्याने फांद्या तोडून पानांचे थर जमिनीवर मांडले होते, एकेका चुलीसाठी एकेक, सरळ ओळीत. तो त्यांवर मांस रचत होता. एक तुकडा ठेवायचा, मागे सरकून डोळे बारीक करून बघायचा, मग इकडचा तुकडा तिकडे करायचा. चरबी त्याने सारखी कापली. हाडं सारखी वाटली. स्वतःचा ढीगही त्याच ओळीत, तेवढाच. सगळं झाल्यावर त्याने हात पुसले आणि म्हणाला, "या. कुठलाही घ्या. सगळे सारखे आहेत. कुणाला तक्रार करायला जागा नाही."

आणि खरंच कुणी तक्रार केली नाही. हेच विचित्र होतं. आमच्याकडे मांस वाटताना जो गोंगाट होतो तो पलीकडच्या गावाला ऐकू जातो. ह्याला जास्त, मला कमी, मला मानच दिली, माझ्या पोराला हाड दिलं. त्या सकाळी माणसं उठली, एकेक ढीग उचलला आणि गेली. खाओने आपला ढीग उचलताना मोठ्या भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. बाऊ जाता जाता एवढंच म्हणाली, "सरकारी गाडीतून मक्याचं पीठ येतं ना, ते असंच देतात. ओळीत."

आईने आपला वाटा उचलला नाही. मी तिच्यासाठी उचलून नेला. तिने तो फांदीला टांगला आणि चूल पेटवली नाही.

मुकोया सगळं बघत होता. मूर्ख माणूस नव्हता तो. थोड्या वेळाने माझ्या शेकोटीपाशी आला. दाबे आणि मी बसलो होतो.

"काहीतरी चुकलं," तो म्हणाला.

मी त्याला बसायला जागा केली.

"सांगा ना. कुणाला कमी गेलं?"

"कुणाला नाही," मी म्हटलं. "सगळ्यांना सारखं गेलं."

"मग?"

मी दाबेकडे पाहिलं. मग मुकोयाच बोलायला लागला, जमिनीकडे बघत. "माझ्या आजोबांकडे तुमच्यातली माणसं गुरं राखायला होती. एक म्हातारा होता, त्याची बायको, त्यांची दोन मुलं. आमचं सगळ्यांचं जेवण झालं की भांड्यात जे राहील ते त्यांना. बैल कापला तर पोटाचं आणि पायाचं त्यांना. मी लहान होतो, पण मला ते दिसायचं. काल मांस माझं आहे म्हणालात तेव्हा मी ठरवलं, माझ्या हातून असं होणार नाही. रात्रभर मी मनात वाटण्या करत होतो. एक तुकडा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही."

आमच्यातली किती माणसं नदीकाठी गुरं राखायला गेली आणि तिकडेच राहिली, हे आम्हाला ठाऊक होतं. पण त्यांच्यातल्या कुणाच्या तोंडून असं पहिल्यांदा ऐकलं. दाबेने विस्तवातलं लाकूड पुढे सारलं.

"तू वाईट नाही केलंस," तो म्हणाला. "पण बघ. तुझ्या आजोबांनी आम्हाला परकं धरलं आणि कमी दिलं. तू परकं धरलंस आणि सारखं दिलंस."

"मी परकं कुठे धरलं?"

"खाओ तुझा धाकटा भाऊ. त्याने तुला वहाणा दिल्या. त्याला तू तेवढंच दिलंस जेवढं गावाच्या टोकाच्या त्या माणसाला, ज्याचं नाव तुला माहीत नाही. आणि चुकोची आई..."

"तिला दिलं की."

"ती तुझी सासू," मी म्हटलं. "जावई मांस आणतो ते सासूसाठी. आधी तिला, चांगल्यातलं. तिने बाण पाठवला, तिला वाटलं, जावई आहे. आणि तू तिला ओळीत उभं केलंस."

त्याने ओळीतल्या आपल्या ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ते नाव... मला वाटलं तुम्ही गंमत करता."

"गंमत करतोच," दाबे म्हणाला. "पण नाव दिलंय ते दिलंय. मी परत नाही घेतलं."

दिलेलं मांस परत मागता येत नाही. त्याच्याकडे आता फक्त त्याचा स्वतःचा ढीग होता. त्यात छातीचा तुकडा होता, बोटभर चरबीचा. तो घेऊन तो उठला.

"मी नेऊन दिला तर चालेल?"

"ने. पण तोंडाकडे बघू नकोस."

तो गेला आणि आईच्या चुलीपासून जरा अंतरावर, तिच्याकडे पाठ करून बसला. मांस त्याने मागे सरकवलं. मग समोरच्या उघड्या रानाला उद्देशून म्हणाला, "चुको, तुझ्या आईला सांग, मी उशीर केला."

मी तिथेच उभी होते, दोघांच्या मध्ये. "आई, ते म्हणतात उशीर झाला."

आईने तुकडा हातात घेतला, बोटाने चरबी दाबून पाहिली. "त्यांना सांग, माझ्या दातांना झेपेल असा आहे." आणि ती चूल पेटवायला लागली.

धूर वर गेला तसा सगळ्या गावाला तो दिसला. पहिला खाओ आला. "सासूला मिळालं. धाकट्या भावाच्या पायात काटे आहेत, त्याचं कुणाला काय?"

मुकोयाने त्याला मांडीचा मोठा तुकडा दिला.

"एवढाच?" खाओ म्हणाला, आणि आनंदाने घेऊन गेला. मग बाऊ आली. तिच्या नवऱ्याचं नाव माझ्या सासऱ्याचं, म्हणजे मुकोयाच्या बापाचं. तिने हे सगळं नातं बोटांवर मोजून दाखवलं आणि बापाला मान कसा द्यायचा असतो ते सांगितलं. मग तिच्या मागून आणखी माणसं आली. कुणी म्हणालं मला हाडच दिलं, कुणी म्हणालं बाऊला एवढं आणि मला एवढंसं, बाऊ म्हणाली तुझ्या तोंडाला काही पुरतं का. एक म्हातारा नुसता भांडण ऐकायला येऊन बसला होता, त्यालाही काहीतरी मिळालं. गावाला आपला आवाज परत आला. मुकोया घामाघूम झाला होता, टिचक्या चुकत होत्या, ज्याला भाऊ म्हणायचं त्याला आजोबा म्हणत होता, आणि शेवटी त्याच्या पानांवर मानेचं एक हाड उरलं. ते एका कुत्र्याने पळवलं.

तो रिकाम्या पानांसमोर बसला. मी हसले. "आता तू काय खाणार?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. पण तो दुःखी दिसत नव्हता.

दुपार कलल्यावर आईने मला हाक मारली आणि एक भांडं दिलं. आत शिजवलेलं मांस, वर वितळलेली चरबी, आणि हाडातला मगज तिने काडीने काढून वेगळा ठेवलेला. "त्यांना दे."

तो खात होता तेवढ्यात खाओची बायको भाजलेल्या बरगड्या घेऊन आली. बाऊने माणूस पाठवला की इकडे ये, एकटा काय बसलायस. दिवस मावळेपर्यंत तो ह्या चुलीवरून त्या चुलीवर फिरत होता, जिथे जाईल तिथे त्याच्या हातात काहीतरी ठेवत होते, आणि जिथे जाईल तिथे त्याने आणलेलं मांस कसं वातड आहे हे त्याला ऐकवत होते. पलीकडच्या गावची माणसंही धूर बघून आली. तिन्हीसांजेला बायका गोल करून बसल्या, टाळ्या सुरू झाल्या, पुरुष आमच्याभोवती पाय आपटत फिरायला लागले. मुकोया मध्येच उठून त्या रांगेत गेला. त्याचे पाय चुकत होते. त्याच्या पुढून दाबे आणि मागून खाओ चालत होते, त्यामुळे त्याला पडायला जागा नव्हती.

मांस संपायच्या सुमारास गाडी आली. त्याने पंप बसवला, पाणी आलं, आणि तो गेला. आम्ही निरोपाबिरोपाचं काही करत नाही. आई तेव्हा कंद खणायला गेली होती.

त्यानंतर तो पंप बिघडला की यायचा, आणि कधी कधी बिघडला नसतानाही. येताना तंबाखू आणायचा, आणि ती कमी आहे म्हणून आम्ही त्याला बोलायचो. आई त्याच्याशी थेट कधीच बोलली नाही. ती गेली त्या वर्षी आम्ही कुणी त्याला निरोप धाडला नव्हता, पण त्सुमक्वेत त्याला कळलं असावं. तो आला, तिच्या झोपडीकडे गेला नाही. पुरुषांच्या मागे, झोपडीकडे पाठ करून, पाय दुमडून बसला आणि आम्ही रडत होतो तेवढा वेळ तसाच बसून राहिला. दाबे त्याच्या शेजारी तसाच बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने पंप खोलून पाहिला, आतली एक चामड्याची चकती बदलली, आणि खाओबरोबर रानाकडे गेला.